हरकतींचे तीस दिवस

केबलचा तुकडा मला फेकवत नाही. हातभर उरला तरी वाटतं, ठेवू, कुठेतरी जोडायला लागेल. तीस वर्षं असं ठेवत ठेवत गच्चीवर एवढा ढीग झाला की सोसायटीचा सेक्रेटरी बोलला, "आप्पा, एक दिवस हा स्लॅब तुमच्यासकट खाली येणार!" किश्शांचं पण तसंच. मी काय वही घेऊन गोळा करायला गेलेलो नाही. लोकांच्या घरात टीव्ही दाखवायचा धंदा केला की ते आपोआप साचतात. पण तीस वर्षांत साचले नाहीत एवढे एका महिन्यात साचले. कुठल्या महिन्यात? तर सरकारने माझं मत मागितलं त्या.

शाळेने मला चौथीपर्यंत कधी मत विचारलं नाही. चौथीनंतर मी शाळेला विचारलं नाही. घरात बायको विचारत नाही, मुलगा तर लांबच. आणि एकदम दिल्लीहून विचारणा! माणसाला घाम नाही फुटणार तर काय?

आमचं चॅनल ठाकुर्लीत, दोन खोल्यांत. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागच्या खोलीत मी. आधी केबलवर दिसायचं, आता मोबाईलवर पण दिसतं. माणसं चार. मी मालक. वर्षा बातम्या वाचते, लिहिते, फोन घेते, म्हणजे चॅनल तीच चालवते. हेमंत कोळी कॅमेरा धरतो. आणि जोशी मास्तर, रिटायर माणूस, बातम्यांतलं मराठी सुधारतात आणि माझं बिघडवतात.

सातला बातम्या. फक्त एक बातमी सातची वाट बघत नाही. कोणी गेलं, तर ते लगेच. नाव, फोटो, अंत्ययात्रा किती वाजता, कुठून. डोंबिवली-कल्याणपर्यंत लोक त्यासाठी आमचं चॅनल लावून ठेवतात. लग्नाला नाही गेलं तर चालतं आमच्याकडे. मयताला नाही गेलं तर तीन पिढ्या ऐकवतात.

* * *

बातम्यांच्या नव्या कायद्याचा मसुदा आला तो व्हॉट्सअ‍ॅपवर. केबलवाल्यांच्या ग्रुपवर, गुड मॉर्निंगच्या दोन गुलाबांच्या मधोमध. इंग्रजीत, जाडजूड. शेवटी लिहिलेलं, तीस दिवसांत हरकती आणि सूचना पाठवा.

मास्तरांनी भिंग लावून दोन दिवस वाचला. मी मागच्या खोलीत येरझाऱ्या घालत होतो. बायको डॉक्टरकडे आत असते तेव्हा बाहेर घालतात तशा.

मास्तर आले आणि बोलले, "आप्पा, सारांश सांगतो. बातम्या देणाऱ्या प्रत्येकाने नोंदणी करायची. तक्रार अधिकारी नेमायचा. आणि दाखवण्यापूर्वी कार्यक्रम एका समितीकडून संमत करून घ्यायचा. न केल्यास दंड, आणि पुढे बंदी."

"हे मोठ्यांना ना? ते कोट घालून ओरडतात त्यांना?"

"आकार कुठेही दिलेला नाही. बातम्या देणारा म्हणजे बातम्या देणारा."

"पण आपण कुठे बातम्या देतो मास्तर? पाणी कधी येणार, कोणाचा कुत्रा हरवला, कोण वारलं. एवढंच तर सांगतो!"

मास्तरांनी चष्मा पुसला. "आप्पा, ह्या तीन सोडून जगात चौथी बातमी असते का?"

त्याच दिवशी वर्षाला ठाण्याच्या एका मंगल कार्यालयातून फोन आलेला. मॅनेजरची नोकरी, बसून काम, घरात बसलेल्या वडिलांचं दवापाणी निघेल अशी. तिने माझ्यापासून लपवलं नाही. बोलली, "आप्पा, महिन्याने सांगते असं बोललेय त्यांना. चॅनल राहणार असेल तर मी कुठे जात नाही. नसेल राहणार तर मला खोटं सांगू नका."

मी बोललो, "जा ना मग! धरलंय कोणी?"

माझं बोलणं असंच. ती उठली आणि फळ्यावर खडूने मोठे आकडे काढले. तीस.

* * *

वर्षाचे वडील रेल्वेत गँगमन होते. त्यांच्या वस्तीत विहाराच्या ओट्यावर पेपर मोठ्याने वाचतात आणि कायद्यावर भांडतात. तिने घरी मसुद्याचं सांगितलं तेव्हा म्हातारा बोलला, "मत मागितलंय ना? मग द्यायचं. नुसती रडगाणी नको, पुराव्यासकट."

पुरावा कुठून आणायचा? मग शहाणपण मला सुचलं. बोललो, समिती करूनच बघू! बातमी पास व्हायला किती वेळ लागतो ते कागदावर मांडू. तासाभरात आटपेल.

समितीत बाई हवी, वेगवेगळ्या समाजाची माणसं हवीत, असं मसुद्यात होतं. आम्ही तिघं बसवले. जोशी मास्तर. हेमंतची आई पारूबाय, जी चाळीस वर्षं दारोदार मासळी विकते. आणि खालचा इस्त्रीवाला, कारण तो मोकळा होता.

दुपारी दीडला बातमी आली. निकमांचे वडील गेले. अंत्ययात्रा चारला. घरच्यांनी लिहून पाठवलेलं, 'अल्पशा आजाराने निधन'.

पारूबायने हात वर केला. "अल्पसा कंचा रं? चार वरसं खाटेवर व्हता! तवापासून त्याच्या घरातलं माझं बोंबील बंद हाय!"

मास्तर बोलले, "मुद्दा रास्त आहे. 'दीर्घ आजाराने' असं हवं."

मी बोललो, "अहो, अल्पसा असं लिहायची पद्धत असते!"

मास्तर बोलले, "पद्धत आणि सत्य यांत समितीने कोणाच्या बाजूने उभं राहायचं?"

त्यावर पाऊण तास. मग फोटो. इस्त्रीवाला फोटो उलटसुलट करून बघत होता. "शर्ट बिना प्रेस का है. इतना बड़ा आदमी, ऐसे कैसे दिखाएगा?" दुसरा फोटो मागवा. तो आला तर त्यात निकमांच्या हातात ग्लास. पारूबाय बोलली, सरबत हाय. इस्त्रीवाला बोलला, सरबत में इतना हँसता नहीं आदमी. तिसरा मागवा.

आणि आम्ही सगळे येडे, घड्याळाकडे बघत नव्हतो. बातमी एकमताने पास झाली तेव्हा साडेपाच वाजलेले.

सहाला निकमांच्या जावयाचा फोन. शांतपणे बोलला, "आप्पा, बातमी चांगली दिलीत. शब्द नीट होते, फोटो पण कडक. आम्ही सगळ्यांनी एकत्र बसून बघितली. स्मशानातून आलो, आंघोळी केल्या आणि टीव्ही लावला."

हेमंत हसत सुटला. मास्तर पण तोंडावर हात धरून हसले. मी नाही हसलो. निकमांचा मावसभाऊ डोंबिवलीला असतो, बातमी बघून धावत आलेला, तोपर्यंत सगळं आटपलेलं. तो अजून माझ्याशी बोलत नाही. आणि हा एक दिवस होता. कायदा झाला तर रोजचं हेच.

वर्षाने पुरावा म्हणून कागदावर लिहिलं. चार तास. फळ्यावर एकवीस.

* * *

तक्रार अधिकारी हेमंतला केला. मसुद्यात होतं, नाव आणि नंबर पडद्यावर दाखवा, तक्रार पंधरा दिवसांत निकाली काढा. आम्ही बोललो, आधीच सुरू केलं तर सरकारला दिसेल की बघा, माणसं शहाणी आहेत.

हेमंतने नवी वही आणली, वर गणपती काढला, आणि एकदम साहेब झाला. तोपर्यंत मला 'आप्पा, चहा सांगू?' विचारणारा माणूस 'अर्ज द्या' बोलायला लागला.

पहिल्या दिवशी सात तक्रारी. दोन गटाराच्या, एक लिफ्टची, एक जावयाची. बातम्यांची एकही नाही. हेमंतने सगळ्या लिहून घेतल्या. जावयाची पण.

तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कागद. नोटीस! माझ्याच ऑफिसात, मला!

"आपण दिनांक अमुक रोजी एका वयस्क महिलेस, तिने आवाज येत नसल्याची तक्रार केली असता, 'मग टीव्ही फोडून टाक' असे बोललात काय? लेखी खुलासा करावा."

मी ओरडलो, "हेमंत! तुझ्या बापाला मी खांबावर चढायला शिकवलं!"

"आप्पा, ते वेगळं. हे कायद्याचं हाय. लेखी द्या."

वर्षा आतून बोलली, "द्या ना आप्पा. दिल्लीवाल्यांनी विचारलं तर दाखवता येईल."

मग मी पेन घेतलं. एवढं मोठं कधी लिहिलेलं नव्हतं. लिहिलं, "होय बोललो. ती माझी सख्खी बहीण आहे."

हेमंतने दहा मिनिटं विचार केला आणि वहीत शेरा मारला, 'तक्रार निकाली. घरगुती.'

* * *

मास्तर बोलले, आपली एकट्याची हरकत गेली तर ती खळखळ. हजारोंची गेली तर लाट. म्हणून वर्षाने सातच्या बातम्यांत सांगितलं, "हरकती आणि सूचना पाठवायला उरले फक्त बारा दिवस. नागरिकांनी आमच्या कार्यालयात येऊन सही करावी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर जिन्यापासून कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत रांग! माझी छाती फुगली. तीस वर्षं शिव्या दिल्या तरी लोकांचं प्रेम आहे आपल्यावर.

जवळ गेलो. प्रत्येकाच्या हातात फाईल. सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, सोसायटीचा नकाशा. एकाने तर घराचा दरवाजा दिसेल असा फोटो फ्रेम करून आणलेला.

आमच्याकडे 'हरकती आणि सूचना' हे शब्द माणूस एकाच वेळी ऐकतो. त्याच्या घरातून रस्ता जाणार असतो तेव्हा.

पहिल्याने विचारलं, "किती फुटी आहे?"

मी बोललो, "रस्ता नाही हो! कायदा आहे!"

"म्हणजे साठ फुटी."

अर्ध्या रांगेला मी समजावून दमलो, अर्धी रांग मला समजावत होती. तेवढ्यात खाडीकडच्या गावातली एक म्हातारी पुढे आली. कासोटा, हातात काठी, पारूबायच्या शेजारची. काठी आपटून बोलली, "माझा ओटा जातंय का नाय, त्ये सांग!"

"आजी, ओट्याचं नाही हे. ही वर्षा रोज बातम्या सांगते ना? ते आता दिल्लीच्या परवानगीशिवाय सांगता येणार नाही. ते बंद होईल असं आम्हाला भ्या वाटतंय. म्हणून सह्या."

म्हातारीने माझ्याकडे बघितलं, वर्षाकडे बघितलं.

"म्हंजी तुमचा ओटा जातंय."

मी बोललो, "हो."

"मंग आधीच बोलायचं ना, मेल्या! कुठं लावू अंगठा?"

तिच्यामागे सगळी रांग सही करून गेली. फ्रेमवाला माणूस जाताना फ्रेम आमच्याकडेच ठेवून गेला. बोलला, असू दे, पुरावा आहे.

* * *

हरकत पाठवायचा तक्ता असतो. तीन रकाने. पहिला, कलम कुठलं. दुसरा, सूचना काय. तिसरा, कारण काय. वर्षा कॉम्प्युटरवर बसली, मी सांगत होतो.

"कलम?"

"सगळी."

"आप्पा, सगळी असं चालत नाही."

"लिही तू. सूचना, असं करू नका. कारण, आम्ही काय केलंय?"

तिने लिहिलं नाही. मास्तरांनी दोन दिवस बसून नीट कलम-कलम लिहिलं, समितीचे चार तास टाकले, सगळ्यांच्या सह्या जोडल्या, छोट्या चॅनलला वेगळी सोय ठेवा असं लिहिलं. चांगलं झालं. पण पाठवल्यावर दिल्लीहून लगेच मेलचं उत्तर आलं आणि आम्ही चौघं खुर्च्या पाडत पळत आलो. उत्तर होतं, "हा मेल आपोआप पाठवलेला आहे. कृपया याला उत्तर देऊ नये."

मी बोललो, "बघा! मत विचारतात ते असं."

* * *

मग अफवा आली. मसुदा बदलला. नवा मसुदा निघाला, पण तो ठरावीक लोकांनाच दिलाय, आणि दाखवायचा नाही असं लिहून घेतलंय. खरं-खोटं दिल्लीला माहीत. पण कल्याणच्या एका बड्या केबलवाल्याने तो बघितलाय असं सगळे बोलत होते. नाव सांगत नाही, माणूस चांगला आहे.

जुनी ओळख. टेंभी नाक्याच्या दहीहंडीची लाईन आम्ही दोघांनी मिळून एका शिडीवर टाकलेली. मी फोन केला, तर आला. मांडीवर बॅग, बॅगेवर दोन्ही हात. बसल्या बसल्या बोलला, "आप्पा, मी काय बघितलेलं नाही, आणि जे बघितलंय ते सांगू शकत नाही."

वर्षा त्याच्यासमोर चहा ठेवत होती. मास्तरांनी एकदम घसा खाकरला. "आपण काहीच बोलू नका. आम्ही विचारतो. उत्तर होय असेल तर एक घोट घ्या. नसेल तर कप खाली ठेवा. चहा पिण्याला बंदी नसावी."

त्याने विचार केला आणि कप उचलला.

"नोंदणी राहिली का?" घोट.

"समिती राहिली?" घोट.

"मोबाईलवाले पण त्यात?" दोन घोट.

"दंड वाढला?"

त्याने बशीतला पण प्यायला. मी घाबरून लगेच कप परत भरला. थोडा टेबलावर सांडला.

मग वर्षा पुढे झाली. तिने साधं विचारलं, "काका, आमच्याएवढं छोटं चॅनल ह्यात टिकेल का?"

त्याने कप हातात घेतला. तोंडापर्यंत नेला नाही, खाली पण ठेवला नाही. बघत बसला कपात. आम्ही चौघं त्याच्या हाताकडे बघतोय. असं कोणी क्रिकेटची शेवटची ओव्हर बघत नाही.

शेवटी बोलला, "जरा पाणी मिळेल का?"

तो गेल्यावर कोणी कप उचलला नाही. मास्तर बोलले, "याचा अर्थ अनिश्चित असा घ्यावा." हेमंत बोलला, "याचा अर्थ गेलो." मी बोललो, "याचा अर्थ माझा चहा कडू होता. कामाला लागा." वर्षाने फळ्यावरचा आकडा पुसला. पाच.

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयाचा फोन आलेला मी ऐकला. ती बोलत होती, "तीस तारखेला नक्की सांगते मॅडम. त्या दिवशी सुनावणी आहे, त्यानंतर."

* * *

सुनावणी शेवटच्या दिवशी होती, ठाण्यात, खोपटच्या एसटी स्टँडजवळच्या एका हॉलमध्ये. दिल्लीचे साहेब येणार, आपल्या भागातल्या लोकांचं तोंडी ऐकून घेणार. प्रत्येकाला दोन मिनिटं.

मी आणि वर्षा गेलेलो. हेमंत ऑफिस सांभाळत होता. मास्तरांनी मला भाषण लिहून दिलेलं, त्यात 'लोकशाहीचा श्वास' असं काहीतरी होतं. मी ते रिक्षात पाठ केलं, हॉलच्या जिन्यावर विसरलो.

हॉल गच्च. अंबरनाथपासूनचे केबलवाले, यूट्यूबवाले, दोन वकील. पुढे टेबलावर दिल्लीचे साहेब, तरुण माणूस, दमलेला. बाजूला इथलाच एक क्लार्क, पन्नाशीचा, जाड चष्मा. नंबर पुकारायचा तो, लिहून घ्यायचा तो, दोन मिनिटं झाली की घंटी वाजवायचा पण तोच. आणि घंटी वाजवायला बिलकुल दयामाया नाही! एका वकिलाला 'माननीय महोदय' वरच तोडला.

वर्षाच्या पर्समध्ये फोन गुरगुरत होता. तिने बघितलं, मंगल कार्यालय. परत ठेवला.

तीन वाजून गेले आणि क्लार्क ओरडला, आमचा नंबर.

मी माईकपुढे उभा राहिलो. आयुष्यभर ज्याने खांबावरून खालच्या माणसाला शिव्या दिल्या, तो मी माईकची वायरच तपासत राहिलो. साहेब बघतायत. क्लार्कचा हात घंटीवर.

वर्षाने मला हळूच बाजूला केलं आणि माईक घेतला. सुरुवात केली, "सर, कलम..."

साहेबांनी हात वर केला. "मैडम, लिखित में आ गया है, मैंने पढ़ा है. ये बताइए, आपका चैनल दिखाता क्या है?"

तेवढ्यात तिचा फोन परत वाजला. ह्या वेळी हेमंतचा मेसेज. तिने वाचला. मग साहेबांना बोलली, "सर, ही बातमी आत्ता आली. आम्ही हे दाखवतो. कायदा झाला तर आधी समितीने पास करायला लागेल. आज नाही लागत, म्हणून वाचते."

आणि तिने वाचलं. रोजच्या आवाजात, जसं ठाकुर्लीत वाचते तसं.

"ठाकुर्ली पूर्व येथील निवृत्त शिक्षिका श्रीमती नलिनी सामंत, वय एक्क्याऐंशी, यांचं आज सकाळी वृद्धापकाळाने निधन झालं. अंत्ययात्रा आज दुपारी चार वाजता राहत्या घरून निघेल."

मागे कोणीतरी खुर्ची सरकवून उभा राहिला. मग त्याच्या बाजूचा. आपल्याकडे अशी सवयच आहे ना, सभेत कोणाचं नाव असं वाचलं की माणूस उठतो. बघता बघता अख्खा हॉल उभा, माना खाली. वकील पण. साहेबांना काय कळलं नाही, पण ते पण उभे राहिले, हात जोडून.

मी मनात मोजत होतो. आमची दोन मिनिटं. महिनाभर ज्यांच्यासाठी मेलो ती दोन मिनिटं, अशी मान खाली घालून जातायत. एक मिनिट गेलं. दीड गेलं. आता घंटी वाजणार.

घंटी वाजली नाही.

मी डोळा वर करून बघितलं. क्लार्क उभा होता. चष्मा काढलेला.

"सामंतबाई?" तो वर्षाला बोलला. "बालवाडीच्या? रेल्वे क्वार्टरच्या मागे राहायच्या त्या?"

"हो," वर्षा बोलली. "त्याच."

त्याने पेनाला टोपण लावलं. पेन खिशात ठेवलं. रजिस्टर मिटलं.

साहेब बोलले, "अरे, कहाँ? रिकॉर्ड कौन लिखेगा?"

"सर, चार बजे निकलने वाली है," तो बोलला, आणि निघाला. घंटी हातात तशीच राहिलेली. जिना उतरताना खालपर्यंत वाजत गेली.

हॉलमधले सगळे अजून उभेच. पुढचा नंबर पुकारायला कोणी नव्हतं.

वर्षाच्या हातातला फोन परत वाजायला लागला. मंगल कार्यालय. तिने कापला आणि हेमंतला लावला.

"हेमंतदादा, सामंतांच्या घरी सांगा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. ठाण्याहून एक माणूस निघालाय."